सड्याची हद्द

मराठेशाहीत दोन गावांमध्ये हद्दीचा कज्जा उभा राहिला म्हणजे त्याचा निवाडा करण्याची जी रीत होती, तिच्यातील एक गोष्ट आज आपणांस मोठी विलक्षण वाटते. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, बारा बलुते आणि आसपासच्या गावांचे जाणते वतनदार असे सारे गोत मिळून बसल्यानंतर, आणि दोन्ही पक्षांच्या तकरिरी ऐकून झाल्यानंतर, ज्याच्या शब्दावर उभय गावांचा भरवसा असेल अशा एखाद्या वृद्ध पुरुषाच्या मस्तकी देवाचा भंडारा ठेवीत आणि त्याला रानातून पायी चालावयास सांगत. तो ज्या ओढ्यावरून, ज्या धोंड्याजवळून, ज्या झाडाला उजवी घालून चालत जाई, ती दोन गावांची हद्द ठरे, आणि मग त्या वाटेचा तपशील महजरात लिहिला जाऊन त्यावर साक्षी-शिक्के होत. हद्द आधी पायांखालून जाई आणि नंतर कागदावर येई, हा तो क्रम होता. राधानगरीच्या भोवताली सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे जे विस्तीर्ण सडे पसरले आहेत, त्यांच्यावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत किती तरी हद्दी पडल्या, शिकारखान्याची, धरणाच्या पाणलोटाची, अभयारण्याची, खाणपट्ट्याची, जागतिक वारशाची, संवेदनशील क्षेत्राची. त्यांतील बहुतेक हद्दी नकाशावर आधी पडल्या आणि भूमीला मागाहून कळल्या. ह्या सड्यांच्या पोटात बॉक्साईट आहे, आणि ते शोधणाऱ्यांवर व काढणाऱ्यांवर सरकारने कोणती नजर ठेवावी ह्या प्रश्नाचा इतिहास मुख्यतः ह्या हद्दींचाच इतिहास आहे.

प्रथम सडा म्हणजे काय हे सांगितले पाहिजे, कारण ज्याने तो केवळ चैत्र-वैशाखात पाहिला असेल त्याला तो उजाड, काळपट-तांबडा आणि निरुपयोगी खडक वाटण्याचा पुष्कळ संभव आहे. लाखो वर्षे वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस अंगावर घेत असलेल्या काळ्या पाषाणातील सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये धुपून खाली वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम ह्यांचे अंश मात्र वर राहून आळले, आणि त्या आळण्यातून हा सच्छिद्र जांभा निर्माण झाला. मलबारात फिरून आल्यावर 1807 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस बुकानन ह्याने विटेला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून ह्या दगडाला पाश्चात्त्य शास्त्रातील नाव दिले; आपल्याकडे तो त्यापूर्वी शतकानुशतके चिऱ्यांच्या रूपाने घराघरांच्या भिंतींत बसलेला होता. ह्या जांभ्याच्या कठीण कवचाखाली जेथे लोह कमी आणि ॲल्युमिनियम अधिक राहिले तेथे बॉक्साईटचे थर व खिसे सापडतात, आणि त्याहूनही खाली चिकण मातीचा असा थर असतो की ज्यातून पाणी सहजासहजी उतरत नाही. पावसाळ्यात सड्यावर पडलेले पाणी कवचाच्या भेगांतून आणि छिद्रांतून आत शिरते, सावकाश झिरपते, चिकणमातीशी येऊन अडते, आणि मग आडवे सरकत सरकत पठाराच्या कडेखाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. भर उन्हाळ्यात धनगरवाड्यावरील बाईची घागर ज्या झऱ्यावर भरते, तो झरा म्हणजे मागल्या श्रावणातील पाऊस होय. जे द्रव्य खाणवाल्याला हवे असते आणि जे द्रव्य हे पाणी धरून ठेवते ते एकच आहे, ही ह्या प्रकरणातील मूळ अडचण आहे, आणि कायद्याच्या कोणत्याही कलमाने ती दूर होणारी नाही.

पाऊस ओसरला म्हणजे भाद्रपदात ह्याच खडकावर, बोटभर मातीत आणि वीतभर पाण्याच्या डबक्यांत, निळ्या सीतेच्या आसवांचे, पांढऱ्या गेंदांचे आणि किडे खाऊन जगणाऱ्या दवबिंदूच्या रोपांचे जे राज्य फुलते, त्याचे वर्णन करण्याचा मोह मी येथे आवरतो. मात्र दाजीपूरच्या अभयारण्यातील सावराईच्या सड्यावर त्या दिवसांत एकदा उभा राहिलेला मनुष्य ‘पडीक जमीन’ हा महसुली शब्द पुन्हा सहजपणे उच्चारू शकत नाही, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्थानिक लोक ह्या भागाचे दोनच भाग करतात: दाट सदाहरित अरण्याचा तो ‘डंग’ आणि उघड्या माथ्याचा तो ‘सडा’. गवा डंगात विसावतो आणि चरावयास सड्यावर येतो. दोहोंना मिळून एक रान होते हे त्याला ठाऊक आहे.

ह्या डोंगरांतून धातू काढण्याची कल्पना आजची नाही. कोल्हापूर संस्थानच्या पश्चिमेकडील विशाळगड, पन्हाळा, बावडा आणि भुदरगड ह्या भागांत लोखंडाची माती सापडत असे आणि ती गाळण्याचा धंदा एके काळी बऱ्यापैकी चालत असे, असे ब्रिटिश काळातील गॅझेटियरांवरून दिसते. सह्याद्रीतील धावड लोक जांभ्यातील लोहयुक्त खडे वेचून मातीच्या भट्टीत कोळशावर गाळीत. हा धंदा का बसला ह्याची जी कारणे गॅझेटियरकारांनी दिली आहेत ती विचार करण्याजोगी आहेत: मजुरी महाग झाली, विलायतेहून येणाऱ्या लोखंडाचे नौकाभाडे स्वस्त झाले, आणि जळणाचे मोल वाढले. जळण म्हणजे रानातील लाकडाचा कोळसा. धावडाची भट्टी लहान होती, त्याचे खणणे कुदळीपुरते होते, तथापि त्याच्या भट्टीनेही रानाकडे काही मागितले होते, आणि ते देण्याची रानाची ताकद जेथे संपली तेथे धंद्याचीही संपली. त्या काळी ह्यावर देखरेख करणारे खाते कोणतेही नव्हते; पण राज्यकर्त्यांच्या मनात रानाविषयी काही मर्यादा नव्हती असेही म्हणता येत नाही. राधानगरीच्या शेजारचे गगनबावडे हे ज्यांच्या घराण्याकडे पुढे चालले, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात, 1715 च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जी आज्ञा आहे ती प्रसिद्धच आहे: सागवानादी वृक्ष हुजूरच्या परवानगीने तोडावे, आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, एखादे अगदी जीर्ण झाड लागलेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. राज्याच्या गरजेसाठीसुद्धा आधी विचारावे, मग तोडावे, हा दंडक त्यात आहे. हे आज्ञापत्र ज्या प्रदेशात जन्मले त्याच प्रदेशाविषयी आपण बोलत आहो, म्हणून ते मला येथे अगत्याने आठवते.

पुढे शाहू छत्रपतींच्या काळात ह्या भागाचे रूप पालटले. 1894 मध्ये त्यांच्या हाती कारभार आला आणि लवकरच 1896-97 व 1899-1900 ह्या दोन दुष्काळांनी संस्थानाच्या पूर्व भागाची दैना उडविली. 1902 मध्ये महाराज विलायतेस गेले आणि परतल्यावर पाटबंधाऱ्यांच्या कामाला त्यांनी जो जोर दिला, त्यातून भोगावती नदीवर फेजिवडे येथे मोठे धरण बांधण्याची योजना निघाली. धरणाच्या पायथ्याशी वसविलेल्या पेठेला महाराजांनी आपल्या कन्या राधाबाई अक्कासाहेब ह्यांचे नाव दिले, आणि तीच राधानगरी. धरण महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. 1918 च्या सुमारास पैशाअभावी थांबलेले काम राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत पुन्हा हाती घेतले गेले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. आज 8.36 अब्ज घनफूट पाणी साठविणारा हा लक्ष्मी तलाव कोल्हापूरच्या शेतीचा आणि पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार आहे. त्याच्या वरच्या अंगाचे दाजीपूरचे रान महाराजांचे शिकारीचे रान होते. शिकारीचे रान राखण्यामागे निसर्गप्रेमाची आजची कल्पना होती असे म्हणणे कालविपर्यास होईल, आणि राखलेल्या रानाचा भार ज्या गरीब गवळी-धनगरांवर पडला असेल त्यांचा विसर पडू देणेही बरे नव्हे. परंतु परिणाम असा झाला की धरणाच्या पाणलोटातील अरण्य आणि सडे एका हुकमतीखाली राखले गेले. पाणी साठविणारा आणि रान राखणारा धनी एकच होता. पुढल्या काळात जे मोडले ते नेमके हेच.

संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि एका हुजूर-दप्तराच्या जागी अनेक दप्तरे आली. जांभ्याच्या पोटातील द्रव्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष तत्पूर्वीच गेले होते; भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सिरिल फॉक्स ह्यांनी देशभरातील बॉक्साईट आणि ॲल्युमिनियमयुक्त जांभ्याच्या ठिकाणांचा धांडोळा घेणारा आपला ग्रंथ 1923 मध्ये प्रसिद्ध केला होता. स्वातंत्र्यानंतर विमाने, वीजवाहक तारा आणि भांडीकुंडी ह्यांसाठी ॲल्युमिनियम देशातच व्हावे ही आकांक्षा रास्त होती. 1948 मध्ये खाणकामाचे केंद्रीय खाते, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स, स्थापन झाले. 1957 मध्ये संसदेने खाणी व खनिजे ह्यांच्या नियमनाचा कायदा केला, तो 1 जून 1958 पासून अमलात आला. आणि त्याच 1958 साली दाजीपूरचे रान गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. एकाच वर्षी एका दप्तराने ह्या डोंगरांतील खनिजाची नोंद आपल्या वहीत घेतली आणि दुसऱ्याने डोंगरावरील जनावराची. दोन्ही वह्या कित्येक दशके शेजारी शेजारी भरत गेल्या. आजही ब्यूरोचे मुख्य कार्यालय, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचे कार्यालय ही तिन्ही नागपुरात आहेत, राधानगरीपासून शेकडो कोसांवर, पण एकमेकांपासून फार तर काही मैलांवर. आणि तरीही ह्या सड्यांच्या बाबतीत ती एकमेकांशी वेळेवर बोलली असती तर पुढचा पुष्कळसा वाद टळला असता, असे माझे मत आहे.

बेळगावला इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना सत्तरीच्या दशकाच्या तोंडाशी उभा राहिला आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरील बॉक्साईटला गिऱ्हाईक मिळाले. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाड, शाहूवाडीत धनगरवाडी, गिरगाव आणि उदगिरी, चंदगडात नागरतासवाडी अशी खाणींची नावे त्यानंतरच्या काळात लोकांच्या तोंडी बसली. दुर्गमानवाड हे विठ्ठलाई देवीचे जागृत ठाणे. दूरदूरचे भाविक ज्या माथ्याकडे नवस फेडावयास येतात, त्याच परिसरातून तांबड्या मातीने माखलेले ट्रक बेळगावच्या वाटेने उतरू लागले. खाणीने गावातील काही माणसांना रोजगार दिला, ज्या रानात नाचणी-वरीपलीकडे काही पिकत नव्हते त्याला किंमत आली, रस्ता आला. हे सारे खरे आहे, आणि ज्यांनी ते मिळविले त्यांना दोष देणे शहरात बसून लिहिणाऱ्याला शोभणारे नाही. पण बॉक्साईटची खाण कोळशाच्या खाणीसारखी खोल बीळ करून जात नाही. ती सड्याचे कवचच वरून सोलून काढते. चार टन बॉक्साईटपासून सुमारे दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन धातू मिळतो, आणि धातूचा तो एक टन मिळविण्यासाठी पठाराचा जो तुकडा उचलला जातो त्याच्या जागी माती पसरून झाडे लावली तरी जो सडा होता तो परत येत नाही. कोल्हापूरचे पर्यावरणशास्त्रज्ञ जय सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या जिल्ह्यातील बॉक्साईट खाणींचा अभ्यास करताना उदगिरीच्या खाणीवरील माती न खणलेल्या जागेच्या मातीशी ताडून पाहिली, आणि तिचा कस उतरल्याचे दाखवून दिले. सड्यावर पूर्वी झाडे नव्हतीच, तेव्हा झाडे लावल्यावर ‘सुधारणा’ झाली, असे मानण्याची जी प्रवृत्ती पुनर्वसनाच्या आराखड्यांत आढळते ती तर मुळातच चुकीची आहे. गवत आणि डबकी हीच ज्याची समृद्धी, त्याला सुरूच्या रोपांनी झाकणे ही भरपाई नव्हे.

आता देखरेखीच्या मुख्य विषयाकडे वळतो. खाण सुरू होण्यापूर्वी पाहणी होते, आणि लोकांच्या समजुतीत पाहणी म्हणजे कोणी तरी येऊन बघून जाणे. वस्तुतः खनिजाची पाहणी निराळी असते. पठारावर ठराविक अंतराने चाचणीचे खड्डे खणतात, चर काढतात, यंत्राने भोके पाडून दगडाचे नमुने वर काढतात. आणि ते यंत्र माथ्यावर नेण्यासाठी जेथे पूर्वी गुरांची पायवाट होती तेथे गाडीवाट करावी लागते. बोटभर मातीच्या प्रदेशात एक गाडीवाट म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पाणी चाकोरीतून धावू लागते, डबकी फुटतात, माती कडेवरून खाली जाते. त्याहून मोठी गोष्ट अशी की पाहणी झाली, साठा इतके लक्ष टन असा आकडा अहवालात बसला, की त्या पठाराकडे पाहण्याची सर्वांची दृष्टी बदलते. ज्याने पाहणीवर पैसा खर्च केला त्याला पट्टा मिळण्याची अपेक्षा उत्पन्न होते, गावात जमिनीचे व्यवहार सुरू होतात, आणि पर्यावरणाचा विचार करावयास बसलेल्या समितीपुढे प्रश्न येतो तो ‘खणावे की नाही’ असा राहत नाही, ‘कोणत्या अटींवर खणावे’ असा होऊन येतो. निर्णय पाहणीच्या वेळी होतो आणि तपासणी उत्खननाच्या वेळी. म्हणून ज्या सड्याविषयी विचार करावयाचा तो पहिले भोक पडण्यापूर्वी केला पाहिजे.

आपल्या कायद्यांचा इतिहास ह्या कसोटीवर लावून पाहिला तर तो मोठा उद्बोधक आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्याच्या हद्दीच्या आत कडक आहे, आणि 1985 मध्ये दाजीपूरच्या अभयारण्याचा विस्तार होऊन 351.16 चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले तेव्हा त्या हद्दीतील सड्यांना मोठे अभय मिळाले. 1980 च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामास देण्यापूर्वी केंद्राची मान्यता आवश्यक केली. पण घाटमाथ्यावरची पुष्कळशी पठारे सरकारी वनाच्या दप्तरात नव्हती. ती मालकी रान होती, गायरान होती, किंवा ‘पोटखराब’ ह्या रकान्यात पडून होती. 27 जानेवारी 1994 च्या अधिसूचनेने पाच हेक्टरांहून मोठ्या प्रमुख खनिजांच्या पट्ट्यांना पर्यावरणीय मंजुरी लागू केली, आणि विशेष म्हणजे पाचशे हेक्टरांहून अधिक क्षेत्रावरील खनिजशोधालाही जागेच्या मंजुरीची अट घातली; शोध हीसुद्धा भूमीवरील एक कृती आहे हे त्यात सरकारने मान्य केले होते. पण राधानगरीच्या आसपासचे सडे तुकड्यातुकड्यांचे, एकेका माथ्यापुरते. पाचशे हेक्टरांची अट तेथे क्वचितच पोचणार. 1997 पासून जनसुनावणी आली. 2006 च्या नव्या अधिसूचनेने पन्नास हेक्टरांच्या वरचे पट्टे केंद्राकडे आणि खालचे सामान्यतः राज्याकडे अशी वाटणी केली. एकेका पट्ट्याचा अहवाल स्वतंत्र, सुनावणी स्वतंत्र, अटी स्वतंत्र. पण झरे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, ते सारे एकाच भोगावतीत, एकाच दूधगंगेत, एकाच कासारीत उतरतात. एका डोंगररांगेवरील सर्व खाणींचा एकत्र परिणाम काय, हा प्रश्न विचारण्यासाठी कोणत्याही नमुना-अर्जात रकाना नव्हता.

तो प्रश्न प्रथम गांभीर्याने विचारला गेला तो 2010 मध्ये नेमलेल्या, माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत. 2011 च्या ऑगस्टअखेर सादर झालेल्या ह्या समितीच्या अहवालाने सह्याद्रीचे संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींत विभाजन करून, अत्यंत संवेदनशील श्रेणीत नव्या खाणींना परवाने देऊ नयेत आणि चालू खाणी 2016 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात अशी शिफारस केली. त्याचबरोबर हद्दींचा अंतिम निर्णय ग्रामसभांपर्यंत जाऊन, खालून वर यावा, असाही आग्रह धरला. मला ह्या दुसऱ्या शिफारशीत भंडारा मस्तकी घेऊन चालणाऱ्या त्या वृद्धाची पावले ऐकू येतात. दुर्दैवाने अहवाल काही महिने मंत्रालयाच्या दप्तरातच राहिला, माहिती आयोगाच्या आदेशावरून 2012 मध्ये बाहेर आला, मराठीतून तो गावागावांत पोचण्याआधी त्याच्याविषयीच्या अफवा पोचल्या, आणि घर बांधता येणार नाही, गुरे पाळता येणार नाहीत अशा भीतीने, ज्यांच्या हाती निर्णय द्यावा असे अहवाल म्हणत होता त्यांनाच त्याच्या विरोधात उभे करण्यात आले. कस्तुरीरंगन ह्यांच्या समितीने एप्रिल 2013 मध्ये दिलेला दुसरा अहवाल क्षेत्राच्या बाबतीत आखडता होता, पण खाणबंदीच्या बाबतीत त्याचाही स्वर स्पष्ट होता. त्यावरून केंद्राने 10 मार्च 2014 रोजी सुमारे 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यांत महाराष्ट्राचे 17,340, संवेदनशील ठरविणारा मसुदा काढला. मसुद्याची मुदत संपली. 2015 मध्ये पुन्हा मसुदा निघाला. मग 2017, 2018, 2022 आणि 31 जुलै 2024 अशा आणखी चार वेळा. दहा वर्षांत सहा मसुदे, ही त्या हद्दीची कुंडली होय.

गाडगीळ समितीचा अहवाल बाहेर आला त्याच सुमारास, 1 जुलै 2012 रोजी, पश्चिम घाटातील एकूण 39 स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रातील चार स्थळांत कास, कोयना आणि चांदोली ह्यांच्या जोडीला राधानगरीचे नाव आले. अभयारण्याच्या आतील सावराईचा सडा जगाचा वारसा झाला, आणि त्याच दगडाचा, त्याच फुलांचा, त्याच झऱ्यांचा, पण रेषेच्या पलीकडे पडलेला सडा खाणीयोग्य भूमी राहिला.

त्याच काळात ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर जे घडले त्याची आठवण येथे अपरिहार्य आहे, कारण तेथेही तेच: माथ्यावर बॉक्साईटचे कवच, कवचाखाली पाणी, आणि पाण्यावर जगणारे डोंगरिया कंध. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथील निर्णय ग्रामसभांकडे सोपविला, आणि बारा गावांनी एकापाठोपाठ एक बसून खाणीला नकार दिला. नियमगिरीच्या लोकांपाशी वनहक्काचा कायदा होता आणि डोंगर हाच देव अशी सर्वांची एकमुखी श्रद्धा होती. आपल्या घाटमाथ्यावर जमिनी खासगी, वस्त्या विखुरलेल्या, आणि पठार एका गावाचे तर झरा दुसऱ्या गावाचा. ज्याला सातबारा आहे त्याला विचारले जाते. ज्याला केवळ पाणी येते त्याला विचारण्याची तरतूद नाही. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या देखरेखीतील सर्वांत मोठे छिद्र ते हे. सड्याची खरी हद्द त्याच्या कडेवर संपत नाही, ती त्याचे पाणी जेथवर जाते तेथवर जाते. आणि ह्या हद्दीवरील गावांना सुनावणीची नोटीस जात नाही.

न्यायालयांनी अलीकडे काही रेषा पक्क्या केल्या. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये ह्यांच्या आत व त्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या अंतरात खाणकाम चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2023 च्या निकालात निःसंदिग्धपणे सांगितले. राधानगरी अभयारण्याभोवतीचे संवेदनशील क्षेत्र 2020 मध्ये अधिसूचित झाले, त्यात नव्या खाणींना मज्जाव आहे, आणि त्याची रुंदी सर्वत्र सारखी नाही. कोठे ती काही किलोमीटर आहे, कोठे काहीशे मीटरच. शेजारच्या विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ह्या रानांना राज्याने संवर्धन राखीव म्हणून घोषित केले, जेणेकरून चांदोलीचा वाघ राधानगरीवरून तिळारीपर्यंत जाऊ शकेल. ही सर्व पावले चांगली आहेत आणि ती टाकणाऱ्या अधिकाऱ्यांचे व त्यांच्या मागे वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या घेऊन लागलेल्या कार्यकर्त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु ह्याच 2023 साली वनसंवर्धन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने खनिजांचा शोध, पूर्वेक्षण आणि सर्वेक्षण ही कामे केंद्राने घातलेल्या अटींच्या अधीन राहून ‘वनेतर काम’ ह्या व्याख्येतून वगळण्याची वाट मोकळी केली. 1994 मध्ये जे थोडेसे मान्य झाले होते, की शोध ही भूमीवरील एक कृती आहे, ते ह्या ठिकाणी मागे घेतले गेले, असे मला वाटते. आणि सड्यासारख्या नाजूक भूमीच्या बाबतीत हे मागे घेणे रद्द केले जावे असे मी आग्रहपूर्वक म्हणतो. जेथे पाहणी करावयाची तेथील झऱ्यांची मोजणी आधी, चारही ऋतूंत, खालच्या गावांतील माणसे बरोबर घेऊन, पायी चालून व्हावी. तिचा कागद पाहणीच्या अर्जाला जोडला जावा. आणि तो नसेल तर यंत्र माथ्यावर चढू नये. ह्यासाठी नवे खाते नको. तलाठी, वनरक्षक आणि पाटबंधाऱ्याचा शाखा अभियंता हे तिघे आजही त्याच तालुक्यात आहेत.

उन्हाळ्यात लक्ष्मी तलाव उतरला म्हणजे पाण्यात असलेला शाहू महाराजांचा ‘बेनझीर व्हिला’ उघडा पडतो, आणि हौशी लोक तो पाहावयास जातात. आषाढ लागला की तो पुन्हा पाण्याने वेढला जातो. डंगातले ओहळ भरून येतात, सड्यांची डबकी एकमेकांत मिसळतात, कडेवरून पांढऱ्या धारा सुटतात, आणि तलाव चढू लागतो. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते उघडावयास कोणाचा हुकूम लागत नाही, पाण्याचा दाब पुरेसा झाला की ते आपोआप उघडतात. त्या दिवसांत कोल्हापूर शहरात, शिरोळात, नदीकाठच्या प्रत्येक गावात, चहाच्या दुकानापासून कलेक्टर कचेरीपर्यंत माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: राधानगरीचे किती दरवाजे उघडले? तीन, कोणी सांगतो. पाच, दुसरा सांगतो. आणि पंचगंगेचे पाणी घाटाच्या कोणत्या पायरीवर येणार ह्याचा हिशेब घरोघर सुरू होतो. ते पाणी दोन दिवसांपूर्वी कोणत्या सड्यावर पडले, त्यातले किती जांभ्याच्या पोटात राहिले आणि किती थेट खाली धावत आले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि पुढल्या वैशाखात, दरवाजे केव्हाच मिटलेले असताना, पोटात राहिलेले ते पाणी फेजिवड्याच्या वरल्या अंगाच्या एखाद्या झऱ्यातून बारीक धारेने येत असते.